बेस गिटारवाला नक्की करतो काय? क्वीनच्या जॉन डीकनची गोष्ट

२०२४ च्या जूनमध्ये बातम्या आल्या की सोनी म्युझिक क्वीन या ब्रिटिश बँडची गाणी विकत घेतेय आणि किंमत आहे सुमारे एक अब्ज पौंड, म्हणजे आपले दहा हजार कोटींच्याही वर. बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर पडली आणि भाच्यानं लगेच विचारलं, मामा, यातला एक जण तर १९९७ पासून स्टेजवरच आलेला नाही, मग त्यालाही वाटा कसा? आणि तो तर बेस वाजवायचा ना, मेन गिटारसुद्धा नाही.

तो एक जण म्हणजे जॉन डीकन. फ्रेडी मर्क्युरी आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतो, तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, त्यामुळे आपल्याला तो अर्धा घरचाच वाटतो. लांब केसांचा गिटारवाला ब्रायन मे, ड्रमवाला रॉजर टेलर हेही फोटोत ओळखू येतात. चौथ्याचं नाव विचारलं की मात्र लोक अडखळतात. भाच्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट, सुरुवातीपासून लिहितोय, कारण बेस म्हणजे काय हे कळल्याशिवाय या माणसाची गोष्ट कळत नाही.

बेस म्हणजे काय, आणि तो ऐकूच का येत नाही

बेस गिटार म्हणजे साध्या गिटारपेक्षा लांब दांडीची, जाड तारांची, बहुतेक वेळा चार तारांची गिटार. तिचे सूर साध्या गिटारच्या सगळ्यात खालच्या चार तारांचेच, फक्त एक सप्तक खाली. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते, बेसची साधारण ४१ वेळा. एवढ्या खालच्या आवाजाची हवेतली लाट आठेक मीटर लांब असते आणि ती निर्माण करायला भरपूर हवा हलवावी लागते, फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला ते जमतच नाही. म्हणून फोनवर गाणं लावलं की बेस जवळपास गायब होतो. उलट गल्लीतून वरात जात असेल आणि तुम्ही दार-खिडक्या लावून आत बसला असाल तर गायकाचा शब्दही कळत नाही पण धप-धप मात्र भिंतीतून छातीपर्यंत पोचतं. खालचे सूर भिंत ओलांडून येतात, वरचे बाहेरच अडतात.

मी सात-आठ वर्षं पथकात ढोल वाजवलाय. ताशा सगळ्यांच्या कानात भरतो, लोक बघतातही ताशेवाल्याकडेच. पण सरावात कधी ढोलांची रांग थांबवून नुसता ताशा चालू ठेवला की तोच ताशा एकदम पोरका वाटायला लागतो, तडतड चालू असते पण खाली जमीनच नसते. बेसचं काम पहिल्यांदा समजून घ्यायचं असेल तर तो क्षण आठवा.

पण हे अर्धंच काम झालं, लयीचं. दुसरं अर्धं सुराचं आहे आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.

पेटी घ्या आणि हे करून बघा

घरात पेटी असेल तर पांढरी एकमधला सा आणि ग एकत्र दाबून धरा. आता त्यांच्या खाली मंद्र सप्तकातला सा जोडा. कसं वाटतं? स्वच्छ, उजेडाचं, घरी आल्यासारखं. आता वरची बोटं अजिबात हलवू नका, फक्त खालचा सा सोडून मंद्र धैवत लावा. वर तेच दोन सूर आहेत, तरी सगळं एकदम उदास होऊन जातं. मग खाली मध्यम लावून बघा, तिसराच रंग.

वरच्या सुरांचा अर्थ खालचा सूर ठरवतो. आपल्या मैफलीत हे काम तानपुरा करतो, पण तानपुरा सुरुवातीला जुळवला की तसाच वाजत राहतो. पाश्चात्त्य संगीतात मात्र हा खालचा सूर दर काही मात्रांनी बदलतो, समजा कुणीतरी दर चार मात्रांनी तानपुरा नव्यानं लावतोय आणि तोच माणूस त्याच वेळी डग्ग्याचं कामही करतोय, तर तो बेसवाला. लय आणि सूर या दोघांच्या मधोमध उभा असलेला माणूस. ड्रमवाला आणि गायक यांना बांधून ठेवतो तो हाच.

आधी हे काम डबल बेस करायचा, माणसाच्या उंचीचं, उभं धरून वाजवायचं लाकडी वाद्य. ते नेणं-आणणं कठीण आणि ड्रमच्या गदारोळात त्याचा आवाज पार बुडून जायचा. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडरनं विजेवर चालणारा, दांडीवर धातूच्या पट्ट्या असलेला प्रिसिजन बेस बाजारात आणला. पट्ट्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. पुढे डीकननं बरीचशी कारकीर्द याच बेसवर काढली, आणि डीकनचा जन्मही १९५१ चाच आहे, १९ ऑगस्ट, लेस्टर.

लेस्टरचा गप्प मुलगा

वडील विमा कंपनीत नोकरीला. त्यांनाही तारा-सर्किटचा नाद आणि तोच मुलात उतरला. जॉन अकरा वर्षांचा असताना वडील गेले. घरात तो रेडिओवरची गाणी टेपवर उतरवून घ्यायचा, यंत्र उघडून बघायचा, जोडायचा. १९६५ मध्ये शेजारपाजारच्या मुलांचा बँड झाला, ऑपोझिशन नावाचा, त्यात तो गिटार वाजवायचा. पुढच्या वर्षी बेसवाल्याला काढलं आणि जागा भरायला हा बेसवर गेला. म्हणजे बेस त्यानं हट्टानं मागून घेतलेला नाही, रिकामी जागा होती आणि कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

१९६९ मध्ये तो इलेक्ट्रॉनिक्स शिकायला लंडनच्या चेल्सी कॉलेजात आला. १९७० मध्ये त्यानं एका कॉलेजात क्वीनचा कार्यक्रम बघितला आणि त्याला ते काही खास वाटले नाहीत! १९७१ च्या सुरुवातीला एका डिस्कोत ब्रायन आणि रॉजरची ओळख झाली, त्यांना बेसवाला हवा होता, आधीचे तीन टिकले नव्हते. इम्पीरियल कॉलेजच्या एका वर्गात चाचणी झाली. हा आला, फारसं बोलला नाही, गाणी शिकून वाजवली. बाकीचे तिघे चांगलेच बोलके, आणि त्यांना चौथा असा शांत, वर यंत्रांची जाण असलेला माणूस मिळाला. त्याच वर्षी त्यानं पदवीही प्रथम श्रेणीत ऑनर्ससह मिळवली. बँडमध्ये सगळ्यात लहान तो आणि सगळ्यात शेवटी आलेलाही तोच. १९७३ च्या पहिल्या रेकॉर्डवर तर त्याचं नावसुद्धा उलटं करून डीकन जॉन असं छापलं.

कचऱ्यातून उचललेला बोर्ड

ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर.

१९७२ च्या आसपास लंडनच्या रस्त्यावरून जाताना एका टाकाऊ सामानाच्या मोठ्या पेटाऱ्यात त्याला एक सर्किट बोर्ड दिसला, तारा बाहेर लोंबत होत्या. दुसरा कुणी बघितलाही नसता. यानं तो घरी नेला, पुस्तकांच्या कपाटात ठेवतात तसल्या लहान स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडला. झाला ॲम्प्लिफायर, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारं यंत्र. त्याला एकही बटण नाही, आवाज कमी-जास्त करायचा खटका नाही, काही नाही. बॅटरी जोडली की चालू, काढली की बंद.

त्याला तो घरी सरावासाठी हवा होता. ब्रायननं त्यात आपली गिटार लावून बघितली, तीही त्यानं वडिलांबरोबर घरी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून बनवलेली, आणि जो आवाज आला तो गिटारचा वाटेचना. व्हायोलिनसारखा, सनईच्या जातीच्या वाद्यांसारखा, गोल आणि दाणेदार. त्या बोर्डवर जुन्या पद्धतीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते, त्यांच्यावर जास्त सिग्नलचा ताण आला की आवाज फाटतो पण कर्कश होत नाही, त्याच्या कडा मऊ होतात. एकावर एक असे बरेच थर रेकॉर्ड केले की एकाच गिटारमधून अख्खा वाद्यवृंद उभा राहतो. १९७५ च्या 'गुड कंपनी'मध्ये जुन्या जाझ बँडसारखी जी फुंकून वाजवायची वाद्यं ऐकू येतात ती सगळी ब्रायनची गिटार आहे आणि त्या आवाजामागे हे खोकं आहे. लोक त्याला डीकी ॲम्प म्हणतात.

म्हणजे बघा, क्वीनच्या ज्या आवाजाला आपण ब्रायनचा आवाज म्हणतो त्यातही बेसवाल्याच्या हातचं जोडकाम आहे.

"चारच तारा, त्यातही दोन-तीन सूर, यात काय अवघड?"

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि पहिल्या दिवशी हातात घेऊन काहीतरी वाजवायला बेस सोपा आहे हे खरंच आहे. अवघड आहे ते कुठे वाजवायचं नाही हे कळणं.

'अनदर वन बाइट्स द डस्ट' घ्या, १९८० चं, डीकननं लिहिलेलं. त्याची सुरुवात कानात साठवा. खालच्या षड्जावर तीन सुटे ठोके, सा, सा, सा, आणि मग मोकळी जागा. त्या जागेत बेसवाला काहीही करत नाही आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. मग घाईनं सासासा, कोमल गंधार, परत सा आणि मध्यमावर झेप. एवढंच. नवशिका माणूस ती मोकळी जागा हमखास भरून टाकतो आणि गाणं तिथेच मरतं.

हे गाणं त्याला सुचलं त्यामागे अमेरिकेतल्या शीक बँडचा प्रभाव होता, त्यांचा बेसवाला बर्नार्ड एडवर्ड्स, डीकन त्यांच्या स्टुडिओत जाऊन बसला होता. म्यूनिकला रेकॉर्डिंग झालं तेव्हा ड्रममध्ये ब्लँकेटं कोंबून आवाज कोरडा केला, आणि बेससोबत गाण्यातली बाकीची बरीच वाद्यंही डीकननं स्वतःच वाजवली. रॉक बँडनं नाचाचं गाणं करावं हे बँडमध्ये सगळ्यांना पटलं नव्हतं. लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमानंतर मायकल जॅक्सन भेटायला आला आणि म्हणाला की हे गाणं वेगळं काढा. काढलं, आणि अमेरिकेत ते तीन आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

दुसरं उदाहरण आणखी लहान. १९८१ मध्ये डेव्हिड बोवीबरोबर केलेलं 'अंडर प्रेशर'. बेसमध्ये सूर किती? दोन. सा-सा-सा, सासासा, आणि खालचा प. मॉन्त्रोच्या स्टुडिओत हे बसवता बसवता सगळे जेवायला गेले आणि परत आल्यावर डीकनच ते विसरला होता, रॉजरला आठवत होतं म्हणून वाचलं, असा किस्सा बँडवाले सांगतात. १९९० मध्ये व्हॅनिला आइस या रॅपरनं हीच ओळ न विचारता आपल्या गाण्यात वापरली आणि शेवटी त्याला मूळ लोकांची नावं श्रेयात घालावी लागली. दोन सूर आहेत, पण ऐकल्या ऐकल्या जगभर कुणीही ओळखतं की हे कुठले.

तुम्ही म्हणाल, बेसमध्ये याच्याहून मोठे लोक होऊन गेले. झाले की. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी बेसवर स्वतंत्र चाल बांधायचा, द हूचा जॉन एन्टविसल तर बेस मुख्य गिटारसारखा पुढे येऊन वाजवायचा आणि बोटांच्या तयारीत डीकन त्याच्या जवळपासही जात नाही. मला तरी डीकन जास्त लागतो, कारण त्याच्या वाजवण्यात गाण्याच्या गरजेपेक्षा एक ठोकाही जास्त सापडत नाही.

मग पैसे कुणाला आणि कशाचे?

आता भाच्याच्या पहिल्या प्रश्नाकडे. गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, ज्यानं लिहिलं त्याची. दुसरी म्हणजे ते विशिष्ट रेकॉर्डिंग. कुणीही गाणं विकत घेतलं, रेडिओवर लावलं, जाहिरातीत वापरलं की लिहिणाऱ्याला हिस्सा जातो, त्याला रॉयल्टी म्हणतात. उद्या दुसऱ्याच गायकानं ते गाणं गायलं तरी लिहिणाऱ्याचा हिस्सा सुटत नाही.

क्वीनमध्ये सुरुवातीला नियम होता की ज्यानं गाणं आणलं त्याचं नाव. यातून भांडणंही झाली. तेव्हा गाण्याची लहान तबकडी निघायची, पुढच्या बाजूला गाजणारं गाणं आणि मागच्या बाजूला दुसरं कुठलं तरी, आणि तबकडी विकली की दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखेच पैसे. १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' फ्रेडीचं, मागे रॉजरचं मोटारीवरचं गाणं. लोक घेत होते पुढच्या बाजूसाठी पण पैसे दोघांना सारखे, मग धुसफूस होणारच. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून त्यांनी ठरवलं की गाणं कुणीही आणो, नाव चौघांचं. मला हा त्यांचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो.

आणि डीकन नुसत्या वाट्यावर जगणारा नव्हताच. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' त्याचं, 'स्प्रेड युअर विंग्ज' त्याचं, 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' त्याचं, जे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या लोकांनी आपलं मानलं. चौघांनीही स्वतंत्रपणे नंबर एकची गाणी लिहिलीत असे बँड फारच थोडे. शिवाय बँडचा हिशोब बघणारा हाच. सुरुवातीच्या काळात गाणी गाजत होती आणि हातात पैसे नव्हते, नुकतंच लग्न झालेल्या डीकनला घराच्या आगाऊ रकमेसाठी चार हजार पौंड हवे होते आणि तेव्हाच्या मॅनेजमेंटनं नाही म्हटलं. त्यानंतर तो प्रत्येक करार नीट वाचायला लागला यात मला काहीच नवल वाटत नाही.

कॅटलॉग, म्हणजे बँडच्या सगळ्या गाण्यांचे हक्क, विकणं म्हणजे काय तर आंब्याची बाग विकणं. दरवर्षी फळ विकून पैसे घेता येतात, किंवा पुढच्या कित्येक वर्षांच्या फळांचा अंदाज बांधून बागच एकरकमी देऊन टाकता येते. झाडं लावली तेव्हा घाम गाळलेला माणूस आता बागेत येत नाही म्हणून त्याचा हिस्सा जात नाही. बातम्यांप्रमाणे या व्यवहारातून एकच गोष्ट बाहेर ठेवली होती, प्रत्यक्ष कार्यक्रमांचं उत्पन्न, कारण ते कार्यक्रम तेव्हाही ब्रायन आणि रॉजर करत होते.

"मित्र गेला म्हणून काम सोडणं म्हणजे पळणं नाही का?"

हे मलाही एके काळी वाटायचं, खरं सांगतो.

२४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला. डीकन लगेच गायब झाला असं लोक समजतात पण तसं नाहीये. एप्रिल १९९२ ला वेम्बलीवर फ्रेडीच्या स्मरणार्थ जो प्रचंड कार्यक्रम झाला त्यात तो वाजवत होता. मग फ्रेडीनं शेवटच्या काळात गाऊन ठेवलेल्या गाण्यांवर त्यानं बाकीच्या दोघांबरोबर काम केलं आणि १९९५ मध्ये 'मेड इन हेवन' पूर्ण केलं. जानेवारी १९९७ ला पॅरिसमध्ये एका बॅले कार्यक्रमात एल्टन जॉनबरोबर 'द शो मस्ट गो ऑन' वाजवलं, त्याच वर्षी फ्रेडीच्या आठवणीतलं एक शेवटचं गाणं रेकॉर्ड केलं, आणि मग थांबला. म्हणजे सहा वर्षं घेऊन, मित्राचं राहिलेलं काम संपवून थांबला.

२००१ मध्ये बँडला अमेरिकेतला मोठा सन्मान मिळाला, तो गेला नाही. नवे गायक घेऊन बाकीच्या दोघांनी दौरे केले, तो गेला नाही, अडवलंही नाही. मोठ्या व्यवहारात त्याची संमती घेतो असं ब्रायन आणि रॉजरनीच मुलाखतींत सांगितलंय. लंडनमध्ये घरच्यांसोबत राहतो, मुलं सहा. बेसवाल्याला गायकाच्या श्वासावर वाजवावं लागतं, गायक कुठे थांबणार, कुठे शब्द ओढणार हे वीस वर्षांत हाताला कळलेलं असतं. तो श्वासच राहिला नाही तर हातानं काय ऐकायचं? मी भजनात ज्या बुवांच्या मागे पंधरा वर्षं तबला धरला ते गेल्यावर मला वर्षभर डग्ग्याला हात लावता आला नव्हता, माझं प्रमाण अगदीच छोटं आहे पण तेव्हापासून मी डीकनला पळालेला म्हणणं सोडलं.

आता ऐकायचं कसं

फोनचा स्पीकर नको, साधे वायरचे इअरफोनही चालतील. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' लावा, १९७५ चं, त्यानं बायकोसाठी लिहिलेलं. सुरुवातीला जो जरा गुरगुरणारा, भरडा पियानो येतो तो विजेवर चालणारा वुर्लिट्झर आहे, फ्रेडीला ते वाद्य आवडायचं नाही, तो वाजवायला तयार होईना, म्हणून डीकननं ते घरी नेऊन स्वतः शिकून घेतलं. पहिल्यांदा फक्त त्या पियानोच्या मागे जा. मग गाणं परत पहिल्यापासून लावा, फ्रेडीला मागे सोडा आणि कान खाली न्या, बेस कुठेकुठे चढतो, कुठे नुसता टेकून उभा राहतो ते बघा. पियानो वाजवणारा आणि बेस वाजवणारा माणूस एकच आहे.